खंडेनवमीला रिकामं होणारं गोदाम

नेमगोंडाआण्णा मगदूम यांची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा मी त्यांना एखाद्या पेशंटचे नातेवाईक समजलो होतो. मिरजेतल्या आमच्या दुकानात पेशंट आणि त्यांची माणसं यांच्याशिवाय सहसा कुणी येत नाही. अधू पायाला आधार देणारे कॅलिपर, कमरेचे पट्टे, एक टाच उंच असलेले बूट, कुबड्यांच्या काखेतल्या गाद्या असं सगळं आम्ही चामड्यात, मापावर बनवून देतो. वडिलांनी हे काम सुरू केलं, मी चालवलं. त्या दिवशी दुपारी धोतर, पांढरी टोपी आणि पायात कापडी बूट अशा वेशातले एक गृहस्थ दारात उभे राहिले. दोन्ही हातांवर पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं आणि ते तान्हं मूल धरावं तसं धरलेलं होतं.

मी मान वर न करता म्हणालो, "माप घ्यायला पेशंट लागतोय. पेशंट कुठाय?"

"ह्योच पेशंट," ते म्हणाले. "हळू धरा, लय म्हातारा हाय."

फडकं उघडलं तर आत चामड्याची एक काळीठिक्कर पेटी. झाकण एका दोऱ्यावर लोंबकळत होतं, पितळी बटण हिरवं पडलं होतं. मला तेव्हा ती पेटी कशाची हेही ठाऊक नव्हतं. मी धंद्याच्या सवयीनं सांगितलं, "आण्णा, हे टाकून द्या. अशीच दुसरी नवीन करून देतो." ते रागावले नाहीत. स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "पेटी नवी करून द्याल. शिपाई कुठनं आणायचा?"

या एका वाक्यानं मी त्यांच्या नादाला लागलो, तो अजून सुटलेलो नाही. आण्णांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत म्हणून निघणाऱ्या या ग्रंथात समितीनं मला 'आण्णांचं कार्य' या विषयावर लिहायला सांगितलं आहे. 'कार्य' हा शब्द कानावर पडला की आण्णा उठून चालू लागतात, तेव्हा मी आपलं 'उद्योग' म्हणतो.

सांगलीच्या बाजारात आण्णांना ओळखणारे बहुतेक लोक त्यांना हळदीचे अडत व्यापारी म्हणून ओळखतात. त्यांच्या पेढीमागच्या जुन्या गोदामात हळदीच्या पोत्यांच्या पलीकडे एक लांब खोली आहे आणि तिथं जुन्या फौजी वस्तूंचा संग्रह आहे, हे पुष्कळांना आजही माहीत नाही. शिपायानं कमरेला लावायची काडतुसांची चामडी पेटी, म्हणजे तोसदान, हा त्या संग्रहाचा जीव. त्याशिवाय कमरेचे आणि खांद्यावरून आडवे जाणारे पट्टे, संगिनींची म्यानं, पाण्याच्या बाटल्यांच्या चामडी गवसण्या, खेचरांच्या तोंडातले लगाम. सगळं सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या घरांतून आलेलं. या भागात घरटी एक माणूस पलटणीत गेलेला असतो. जो परत येतो तो पट्टा खुंटीला लावतो आणि ऊस बघायला जातो.

याची सुरुवात कशी झाली हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलं आहे. कोरेगावकडचा एक शेतकरी हळद घेऊन पेढीवर आला होता. सौदा झाल्यावर त्यानं कमरेची चामडी पेटी उघडून तंबाखू काढली. तरुण आण्णांनी सहज विचारलं, तर तो म्हणाला, "आज्याची हाय. पलटणीतली. आजा न्हाई आला, पेटी तेवडी आली. काडतुसं ठेवायची, आता तमाखू ठेवतोय." आण्णांनी ती हातात घेतली. झाकणाच्या आत शिपायाचा नंबर ठोकलेला होता आणि एका कडेला अंगठा लागून लागून चामडं झिजून खळगा पडला होता. त्या खळग्यात आण्णांचा अंगठा नेमका बसला. "तवा माझ्या अंगावर काटा आला," ते सांगतात, "कोण कुठला मानूस, पर हात हातात दिल्यासारखं झालं." त्या शेतकऱ्यानं ती पेटी राखायला म्हणून त्यांच्याकडेच ठेवली.

आता अडचण अशी की मगदूमांचं घर जैन, तेही कडक. घरात चामड्याची चप्पल आली नव्हती, पेटी कुठली यायला! आण्णांनी स्वतः आयुष्यात कधी चामडं पायात घातलेलं नाही आणि आजही गोदामातून घरी जायचं तर आंघोळ करून जातात. त्यांच्या मातोश्री आक्का पहिलं तोसदान पाहून दारातच उभ्या राहिल्या. त्यांनी एवढंच विचारलं, "ज्याचं हाय, त्यो आला का घरला?" आण्णा म्हणाले, "न्हाई आला." आक्का म्हणाल्या, "घरात नगं. गोदामात ठेव. पर अंधारात ठेवू नगंस." आक्का गेल्या त्या वर्षापर्यंत रोज संध्याकाळी घरातून गोदामाकडे एक दिवा जात असे, पण त्या खोलीत त्यांनी पाऊल टाकलं नाही. हळदीच्या वासात चामड्याला कसर लागत नाही असं आण्णा छातीठोकपणे सांगतात. मी चाळीस वर्षं चामडं हाताळतोय आणि मला ते पूर्ण पटलेलं नाही. पण त्या खोलीत झुरळ मी पाहिलेलं नाही, हेही कबूल केलं पाहिजे.

आण्णांच्या कामाची शिस्त मी शिकलो ती माझ्याच कामातून. पहिल्या पेटीचं झाकण शिवायला घेतलं, तेव्हा मी सवयीप्रमाणे कड सरळ कापून आरीनं नवी भोकं पाडायला निघालो होतो. आण्णांनी माझं मनगट धरलं. जुन्या भोकांतूनच दोरा घालायचा, एकही नवं भोक पाडायचं नाही, कुजका जुना दोरा जेवढा टिकेल तेवढा तसाच राहू द्यायचा. दुप्पट वेळ लागतो. मी कुरकुरलो तर म्हणाले, "ज्यानं पयल्यांदा शिवली त्याचा हात मोडू नका. तुमचा हात त्याच्या मागनं जाऊ द्या." तेव्हापासून गेली कित्येक वर्षं मी कुठल्या तरी अनोळखी कारागिराच्या मागनं चाललो आहे. पोलिओ हटला, कॅलिपर प्लॅस्टिकचे आले, पट्ट्यांना चिकटपट्टी आली आणि माझ्या चामडं कापायच्या रापीला गंज चढायची वेळ आली, तेव्हा हेच काम हाताशी होतं. दुकान त्यानं चालत नाही, पण हात चालत राहिले.

आण्णा वस्तू विकत घेत नाहीत, हा त्यांचा दुसरा नियम. "वस्तू घराची, राखण माझी," असं ते प्रत्येक घरी सांगून येतात. मोठ्या शहरातले एक हौशी संग्राहक गाडी घेऊन आले होते. सगळी खोली बघून त्यांनी सगळंच मागितलं. आण्णांनी त्यांना चहा पाजला, नव्या हळदीची एक पुडी दिली आणि म्हणाले, "माझं असतं तर इचार केला असता हो." ते गृहस्थ गाडीत बसेपर्यंत हसत होते, बहुतेक त्यांना वाटलं की आण्णा भाव वाढवतायत.

माझं नाही हे आण्णा नुसतं तोंडानं म्हणत नाहीत, करून दाखवतात, आणि ते ज्यानं खंडेनवमीच्या आदल्या दिवशी पाहिलं नाही त्याला आण्णा कळले नाहीत असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारांची, अवजारांची पूजा होते. फौजी घरात आज्याचा पट्टा आणि तोसदान पाटावर मांडतात. आण्णांच्या गोदामातली प्रत्येक वस्तू त्या दिवसासाठी आपल्या घरी जाते. सकाळपासून माणसं येऊ लागतात. कुणी कऱ्हाडहून एसटीनं, कुणी विट्याहून मोटारसायकलवर, कुणी इस्लामपूरकडून जीप भरून. आण्णा दारात बसलेले असतात. नाव सांगायचं, खुंटीवरची वस्तू पांढऱ्या फडक्यात घ्यायची, कपाळाला लावायची आणि जायचं. सही नाही, पावती नाही. दुपारपर्यंत ती खोली रिकामी होते. भिंतीभर नुसत्या खुंट्या, आणि मध्ये स्टुलावर आण्णा, लग्नघरातल्या यजमानासारखे प्रसन्न.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी घाबरलो होतो. एवढा जन्मभराचा संग्रह, आणि परत नाही आणलं कुणी तर? मी तसं विचारलंही. आण्णा म्हणाले, "न्हाई आनलं तर त्यो घरला पोचला म्हनायचं. आपलं काम झालं." आणि गंमत अशी की दसरा झाला की सगळं परत येतं. काही तोसदानांत आपट्याची पानं असतात. एकदा एकात लाडू निघाला होता, आणि मुंग्याही. या व्यवहाराकडे मी इतकी वर्षं पाहतोय आणि दरवर्षी मला हात जोडावेसे वाटतात.

परत येताना मात्र वस्तू नीट येत नसत. आमच्या भागातल्या माणसांचं प्रेम तेलकट आहे. आज्याच्या पट्ट्यावर जीव असला की त्याला करडईचं नाही तर शेंगदाण्याचं तेल चोपडायचं, त्यावर हळदकुंकू, त्यावर ओला हार. असं पन्नास-साठ दसरे झाले की चामड्यावर लाकडासारखा थर चढतो, आत दोरा कुजतो आणि पितळ चामड्याला खाऊ लागतं. जपणुकीनंच वस्तू मरते. मला हे बघून संताप यायचा. आण्णांना कधी आला नाही. वाळव्याकडचे एक निवृत्त सुभेदार त्यांच्यावर चांगलेच उखडले होते, "आमच्या आज्याला आमीच कुंकू लावायचं न्हाई म्हंजे काय?" आण्णांनी आतून एक लाकडी पाट आणून त्यांच्या हातात दिला. "लावा की. आज्याला पाटावर बसवा, टिळा पाटाला लावा, तेल समईत घाला. आज्याचं कपाळ झिजलंय आता, सुभेदारसाब." सुभेदारांनी पाटाकडे पाहिलं, आण्णांकडे पाहिलं आणि पाट काखेत मारला. आता दरवर्षी प्रत्येक वस्तूबरोबर एक पाटही जातो.

माझ्या घरावरच्या त्यांच्या उपकारांविषयी एकच लिहितो. माझ्या पत्नीचं मोठं ऑपरेशन मिरजेतच झालं. आण्णा दुपारी आले आणि बाहेरच्या बाकावर बसले. सूर्य मावळला की ते अन्न-पाणी घेत नाहीत. अंधार पडायच्या आत त्यांनी घरी जावं म्हणून मी मागं लागलो, तर म्हणाले, "तुमची मंडळी शुद्धीवर आली की जातो." ती यायला उशीर झाला. घरून डबा आला तेव्हा त्यांनी आम्हा सगळ्यांना वाढलं, माझ्या सासूबाईंना आग्रह करून दुसरी भाकरी घातली आणि स्वतः पाण्याचा घोटही न घेता बसून राहिले. त्याबद्दल पुढे कधी शब्द काढला नाही, आणि मी काढला तर विषय बदलतात.

आता ज्या घटनेमुळे हा लेख मला लिहावासा वाटला, ती सांगतो. संबंधित घरांची परवानगी मी घेतली आहे.

कोरेगाव तालुक्यातल्या एका गावात शेवंताआज्जी राहतात. वय ऐंशीच्या पुढं. त्यांचे वडील ज्ञानू दुसऱ्या महायुद्धात खेचरांच्या कंपनीत होते. शेवंताआज्जी पाळण्यात असताना ते गेले आणि परत आले नाहीत. त्याच गावचे, त्याच कंपनीतले मारुती मात्र लढाई संपल्यावर परतले. गावात अजून सांगतात की मारुती फाट्यावरून स्वतःच्या घरी न जाता आधी ज्ञानूच्या घरी गेले, तिथं कमरेचं एक तोसदान काढून त्या लहान पोरीच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाले, "ह्ये तुज्या बाचं." आईबापाची एकुलती एक म्हणून शेवंताआज्जींसाठी घरजावई आणला, त्यामुळे त्या जन्मभर त्याच घरात राहिल्या आणि त्या तोसदानाला दर खंडेनवमीला हार घालत आल्या. बापाचा फोटो नाही, आवाज ऐकलेला नाही. बाप म्हणजे ती पेटी.

आण्णांच्या गोदामात ते तोसदान पुष्कळ वर्षं होतं. त्याच्यावरचा थर एवढा घट्ट होता की आम्ही त्याला हात लावायचं टाळत होतो. गेल्या वर्षी झाकणाची शिवण उसवली तेव्हा नाइलाज झाला. कापसाच्या बोळ्यांनी आम्ही दोघांनी थोडं थोडं करून तो थर काढला, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला शिपायाचा नंबर उघडा पडला. मी खूश झालो. आण्णांचा चेहरा मात्र उतरला. शेवंताआज्जींच्या देव्हाऱ्यात त्यांच्या वडिलांचं मेडल आहे, त्याच्या कडेवर नाव आणि नंबर कोरलेला आहे, आणि पोत्यांवरचे मार्क आयुष्यभर लक्षात ठेवलेल्या आण्णांना तो पाठ होता.

"ह्यो नंबर ज्ञानूचा न्हाई," ते म्हणाले.

आम्ही दोघं त्या गावी गेलो. आज्जींकडे न जाता आधी मारुतींच्या घरी गेलो. मारुती जाऊन बरीच वर्षं झाली, नातू विलास हवालदार म्हणून निवृत्त होऊन ऊस बघतात. आण्णांनी आज्याचं मेडल बघायला मागितलं. भिंगातून कड वाचली आणि भिंग माझ्या हातात दिलं. तोसदानावरचा नंबर मारुतींचा होता. विलास यांच्या आईंनी तेवढ्यात चहा आणला आणि आपणहून म्हणाल्या, "सासऱ्यांनी फकस्त मेडल आनलं बगा. पट्टा न्हाई, पेटी न्हाई. इचारलं की म्हनायचे, समदं तितंच ऱ्हायलं. नवमीला आमी आपली खुरपी आन पाना पुजतो. भावकीत लय बोलली मानसं, म्हाताऱ्यानं इकून खाल्लं म्हनून." आण्णांनी त्या घरात काहीच सांगितलं नाही.

परतीच्या एसटीत मी त्यांच्याशी भांडलो. माझं म्हणणं सरळ होतं: आज्जींचं वय काय, राहिलेत किती दिवस, गप्प बसावं. नंबर पुन्हा मेण लावून झाकता येईल, मी झाकून देतो. एका म्हातारीचा बाप काढून घ्यायचा आपल्याला काय अधिकार? कदाचित तिकडं धावपळीत पेट्यांची अदलाबदलही झाली असेल. आण्णांनी सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाले, "अदलाबदल झाली आसंल, मला ठावं न्हाई. पर मी गप बसलो तर त्या मारुतीनं काय केलं ते कुनालाच कळायचं न्हाई. त्याची मानसं त्याच्यापायी शिव्या खात बसल्यात. आन आज्जी दुसऱ्याला हार घालत्यात, बाप तिचा तसाच भाईर हुबा." त्यानंतर कित्येक दिवस त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं असं त्यांच्या सूनबाईंनी मला सांगितलं.

शेवटी ते गेले. मीही बरोबर होतो, कारण एवढ्या मोठ्या माणसाला एकट्यानं जाऊ देणं मला बरं वाटेना. शेवंताआज्जी घराच्या पुढच्या सोप्यात लसूण सोलत बसल्या होत्या. आण्णांनी तोसदान त्यांच्या पुढ्यात ठेवलं, देव्हाऱ्यातलं मेडल मागून घेतलं, दोन्हींवरचे आकडे आज्जींच्या नातवाकडून मोठ्यानं वाचून घेतले आणि जे होतं ते सांगितलं. आडपडदा नाही, सारवासारव नाही. अदलाबदलीची शक्यताही सांगितली. सांगून झाल्यावर हात जोडून म्हणाले, "आज्जी, तुमचं मन मोडलं. मला बोला."

आज्जींनी लसणीची सुपली बाजूला सरकवली आणि ते तोसदान मांडीवर घेऊन बसल्या. झाकणावरून बोट फिरवत राहिल्या. मला वाटलं आपण आलो हेच चुकलं. मग त्या म्हणाल्या, "बदलल्यालं न्हाई त्ये. मारुतीकाका दर दिवाळीला मला गूळखोबरं आनायचा. सोताच्या पोरीस्नी न्हाई, आदी मला. मी म्हनायची, ह्या मानसाला माजी येवडी का माया? आज कळलं." आणि मग त्या रडल्या. हमसून रडल्या. बाप गेला त्या दिवशी पाळण्यात होत्या, ते राहिलेलं रडणं बहुतेक आता रडल्या.

रडणं झाल्यावर डोळे पुसून उठल्या, पदर डोक्यावर घेतला आणि तोसदान घेऊन निघाल्या. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला मारुतींचं घर. आम्ही मागोमाग. विलास दारातच होते. आज्जींनी पेटी त्यांच्या हातात ठेवली. "तुज्या आज्याची हाय. इकून खाल्ली न्हाई त्येनं. मला बाप न्हवता म्हनून मला दिली. सांग समद्या भावकीला." विलास यांच्या आईंनी पुढं होऊन पेटीला कपाळ टेकवलं. विलास हवालदार ताठ उभे राहिले, जसे परेडला राहत असतील तसे. मग म्हणाले, "आज्यानं दिल्यालं मी कसं माघारी घिऊ? घ्यायचंच आसंल तर तुमी आजपासनं आमच्या आत्या. नवमीला पूजा तुमी करायची, आमच्या घरात."

त्या वर्षी आज्जींनी मारुतींच्या घरात पूजा केली, यंदाही केली. मी दोन्ही वेळा गेलो होतो. भावकीतली झाडून सगळी माणसं आली होती आणि सगळी गप्प होती. आपण योग्य केलं का, असं मी आण्णांना त्यानंतर विचारलं. ते म्हणाले, "ठावं न्हाई. खरं हुतं तेवडं केलं." मी एसटीत मांडलेला मुद्दा मला आजही अगदीच चुकीचा वाटत नाही. पण तो मी ज्या धीरानं मांडला त्याच्या शंभरपट धीर त्या सोप्यात बसून बोलायला लागतो, आणि तो माझ्यात नाही. तो ज्यांच्यात आहे त्यांच्या मागे पिशवी धरून चालायला मिळालं, यापुढं मला फार काही मागायचं नाही.

त्या दिवशी निघताना शेवंताआज्जींनी आण्णांना एकच विचारलं होतं, "मंग माज्या बाचं कुटं हाय?" आण्णा म्हणाले होते, "हुडकतो." तेव्हापासून ते खेचरांच्या कंपनीत गेलेल्या माणसांची घरं शोधत फिरत आहेत. साताऱ्याकडच्या डोंगरातली गावं, खटाव, माण, इकडं जत. गुडघे दुखतात, डॉक्टरांनी जिने चढू नका सांगितलंय, तरी एसटीची पायरी चढतातच. ज्ञानूचा पट्टा, बाटली, बटण, काहीतरी कुणीतरी आणलं असेल, अशी त्यांची खात्री आहे. अजून काही मिळालेलं नाही.

सत्कार समारंभाचं आमंत्रण द्यायला गेल्या महिन्यात मी शेवंताआज्जींकडे गेलो. अमृतमहोत्सव म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावं लागलं.

"पंच्याहत्तर व्हय? मंग तरनंच हाय की पोरगं." त्या हसल्या. मग हसू आवरून माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "शाल घाला, नारळ द्या, काय करायचं ते करा. पर त्येला माजा निरोप सांगा. माज्या बाचं अजून घावल्यालं न्हाई. त्ये घावंस्तवर त्येनं मरायचं न्हाई. मी बी न्हाई मरत."

आण्णा, या ग्रंथात अनेक थोर मंडळींनी आपल्याला दीर्घायुष्य चिंतलं असेल, मीही चिंततो, आणि आपल्या गुडघ्यांना बळ मागतो. पण आमच्या सगळ्यांच्या या नुसत्या इच्छा आहेत. आज्जींचा हुकूम आहे. त्या रोज सकाळी सोप्यात येऊन बसतात आणि फाट्यावर एसटी थांबली की मान वर करून बघतात.